सरकारी नकाशामागचा आरेखक

सरकारी नोकरभरतीच्या जाहिरातींत ‘आरेखक’ आणि ‘अनुरेखक’ ही पदनामे अनेक वर्षे शेजारीशेजारी दिसत आली आहेत. आरेखक मोजणीच्या आकड्यांवरून नकाशा रचतो आणि अनुरेखक त्यावर ट्रेसिंगचे कापड किंवा कागद ताणून तो शाईने उतरवतो. नकाशाची प्रत हातानेच काढावी लागत असे, त्या काळातली ही विभागणी आहे.

मराठेशाहीतील नकाशांवर नावे मोडी लिपीत असत आणि किल्ले, देवळे समोरून पाहिल्याप्रमाणे रंगवलेली असत. वाट कुठून जाते आणि वाटेत काय लागते, हे त्यांतून कळे. मात्र त्यावरून शेताचे क्षेत्रफळ काढता येत नसे. १८१८ नंतर कंपनी सरकारला शेतसारा ठरवण्यासाठी नेमके तेच हवे होते. पुणे जिल्ह्यातील प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याची पहिली पाहणी फसल्यावर गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३५ मध्ये इंदापूर तालुक्यापासून नव्याने काम हाती घेतले, आणि पुढे मुंबई इलाख्यात तीच पद्धत रुळली.

त्या पद्धतीची साखळी ३३ फुटांची असून तिचे १६ आणे पाडलेले असत. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जमीन म्हणजे एक गुंठा, आणि असे ४० गुंठे म्हणजे एक एकर, इतका हा हिशेब सुटसुटीत होता. मोजणीदार शेताची कच्ची आकृती काढून तिच्यावर साखळ्या आणि आणे लिहीत असे. त्यालाच टिपण म्हणतात. आरेखकाचे काम तिथून पुढे सुरू होई. शेजारच्या दोन शेतांचा बांध एकच असल्यामुळे दोन्ही टिपणांतून तो एकाच रेषेवर यावा लागे, आणि तो आला नाही तर चूक मोजणीत आहे की आपल्या मांडणीत, याचा छडा त्यालाच लावावा लागे.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थलदर्शक नकाशांत चित्रकाराच्या हाताला अधिक वाव होता. समोच्चरेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, रूढ होण्यापूर्वी डोंगर बारीक रेघोट्यांनी दाखवत आणि उतार जितका तीव्र, तितक्या त्या जाड व दाट काढत. सह्याद्रीसारख्या मुलुखात हे काम किती चिकाटीचे असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फोटोझिंकोग्राफी आली. या पद्धतीत नकाशाचे छायाचित्र जस्ताच्या पत्र्यावर उतरवून छपाई होई, आणि पुण्यातील शासकीय फोटोझिंको मुद्रणालयाच्या नावात तिची खूण अजूनही शिल्लक आहे. मूळ नकाशा मोठा काढून छापताना लहान करता येऊ लागला, त्यामुळे हाताचा किरकोळ कंप झाकला जाऊ लागला; पण लहान झाल्यावर अक्षर वाचता येईल का, हे आरेखकाला आधीच ताडावे लागे. पुढे विसाव्या शतकात लेप दिलेल्या फिल्मवर सुईने रेषा कोरण्याचे तंत्र आले आणि शाई मागे पडली. पाण्याचा निळा, समोच्चरेषांचा तपकिरी, झाडीचा हिरवा असा प्रत्येक रंगाचा वेगळा पत्रा तयार होई, आणि एखादा पत्रा केसभर सरकला तरी नदी आपल्या दरीतून बाहेर पडलेली दिसे. छापील नकाशावर महासर्वेक्षकांचे, म्हणजे सर्वेक्षण विभागाच्या प्रमुखाचे नाव असे. आरेखकाचे सहसा नसे.

संगणकाने ही बहुतेक हत्यारे अडगळीत टाकली. भूमी अभिलेख विभागाची मोजणी आता रोव्हरवर, म्हणजे उपग्रहाच्या आधाराने जागेचे नेमके स्थान टिपणाऱ्या यंत्रावर होते. तरीही बांधाचा वाद उभा राहिला की मूळ टिपण बाहेर काढले जाते, आणि साखळ्या व आणे मीटरमध्ये बदलून ती जुनी आकृती नव्या मोजणीशी ताडून पाहिली जाते.