लिनक्स युजर ग्रुप: ग्रामीण विदर्भात सामील होताना

लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणारी, मशीन चालवणारी मूळ सिस्टीम, आणि लिनक्स युजर ग्रुप म्हणजे लिनक्स किंवा तसली मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम वापरणाऱ्या आणि वापरून पाहायची इच्छा असलेल्या लोकांची स्थानिक मंडळी. इंग्रजी आद्याक्षरांवरून बोलताना सगळे नुसतं लग म्हणतात. अध्यक्ष, सचिव, नोंदणी, वर्गणी असं बहुतेक ठिकाणी काहीच नसतं, ठरलेला दिवस, ठरलेली जागा आणि एकमेकांचं मशीन उघडून बसायची तयारी एवढ्यावर ग्रुप चालतो. पुण्या-मुंबईकडचे ग्रुप जुने आहेत, नागपुरात इंजिनिअरिंगची पोरं भेटून जातात, पण ही नोंद मुख्यतः पुसद, चिखली, हिंगणघाट, वरोरा, देसाईगंज असल्या तालुक्याच्या गावांसाठी आणि त्यांच्या आजूबाजूच्या खेड्यांसाठी आहे, कारण खरी गरज तिथे आहे आणि माहिती सगळ्यात कमी तिथेच पोचते.

मागची हकीकत थोडक्यात. १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमनने ग्नू प्रकल्प, म्हणजे सगळ्यांना मोकळेपणाने वापरता येईल अशी ऑपरेटिंग सिस्टीम बनवायचं काम, जाहीर केलं, आणि २५ ऑगस्ट १९९१ ला हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने आपण एक ऑपरेटिंग सिस्टीम बनवतोय असं जगाला कळवलं, त्याचाच पुढे लिनक्स कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, झाला. १९९२ मध्ये तो जीपीएल लायसन्सखाली आला. या लायसन्समुळे कोणीही ते वापरू शकतो, आतला कोड वाचू शकतो, बदलू शकतो आणि दुसऱ्याला देऊ शकतो. आपल्याकडे याचा सरळ अर्थ असा की एका पेनड्राईव्हवरून गावातल्या वीस जणांना दिलं तरी ती चोरी होत नाही. क्रॅक केलेली विंडोज टाकून देणारे गल्लोगल्ली आहेत आणि त्या क्रॅकसोबत काय काय मशीनमध्ये शिरतं ते कोणालाच माहीत नसतं, म्हणून हा फरक मला फार मोठा वाटतो. लिनक्सभोवती बांधलेल्या तयार सिस्टीमांपैकी डेबियन १९९३ मध्ये सुरू झालं, उबुंटूची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २००४ मध्ये आली, आणि २०११ पर्यंत उबुंटू बनवणारी कॅनॉनिकल कंपनी तिच्या सीड्या मागणाऱ्याला पोस्टाने फुकट पाठवायची, तेव्हा नेट नसलेल्या गावातही लिनक्स पोचायचं ते असं.

सध्या लोक ग्रुपकडे वळतात त्याचं कारण तत्त्व वगैरे नसतं, जुना लॅपटॉप असतो. विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, आणि घरात मोठ्या भावाचा ४ जीबी रॅमवाला लॅपटॉप पडलेला असतो जो चालू व्हायलाच दहा मिनिटं घेतो. असल्या मशीनवर लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती किंवा लुबुंटू हे हलकं उबुंटू टाकलं तर ते पुन्हा कामाचं होतं, सोबत जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली तर अजूनच बरं.

ग्रुप शोधायचा कसा, तर जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, पॉलिटेक्निकमध्ये किंवा आयटीआयमध्ये लॅब सांभाळणारे जे सर असतात त्यांना जाऊन विचारायचं, गावात कोण लिनक्स वापरतं ते त्यांना हमखास ठाऊक असतं. शेगाव, सेवाग्राम, बडनेरा, पुसद इथे जुनी इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत, तिथली पोरं सुट्टीत आपापल्या गावी येतात तीही कामाची. फॉर्म भरायचा नसतो, कोणाची ओळख लागत नाही, भेटीच्या दिवशी जाऊन बसलं की झालं सामील. फक्त फोन ग्रुपमध्ये ॲड होऊन गप्प राहणं म्हणजे सामील होणं नाही असं माझं स्पष्ट मत आहे, बूट न होणारं मशीन फोनवरून दुरुस्त करणं फार जिकिरीचं, तेच बाजूला बसलेला माणूस पाच मिनिटात काय ते ओळखतो.

भेटीचा दिवस म्हणून आठवडी बाजाराचा दिवस सगळ्यात चांगला, खेड्यावरचे लोक तसेही तालुक्याला आलेले असतात आणि शेवटच्या एसटीच्या आत परत जायचं असतं. एप्रिल-मेमध्ये सकाळी आठ ते दहा एवढंच, पुढे पंचेचाळीसच्या उन्हात लॅपटॉप आणि माणूस दोघंही तापतात. पेरणीच्या दिवसात आणि दिवाळीनंतर कापूस वेचणीला लोक कमी येणार हे गृहीतच धरायचं. जागा शक्यतो सार्वजनिक वाचनालय किंवा शाळेची खोली असावी, दिवसाउजेडी, म्हणजे मुलींना आणि शिक्षिकांना घरून निघायला अडचण येत नाही, एखाद्याच्या खोलीवर रात्री भरणाऱ्या ग्रुपात त्या येत नाहीत आणि मग तो ग्रुप अर्ध्या गावाचाच राहतो.

पहिल्यांदा आलेला माणूस बॅगेतून लॅपटॉप काढता काढताच विचारतो, "भाऊ, माहा डेटा तं नाई जाईन नं?" याचं खरं उत्तर असं की चुकलं तर जातो, म्हणून आधी फोटो, सातबारा, मार्कशीट सगळं बाहेरच्या डिस्कवर कॉपी करायचं, विंडोज ठेवायची असेल तर डिस्कला कुलूप घालणाऱ्या बिटलॉकरची रिकव्हरी की लिहून घ्यायची आणि विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करायचं, नाहीतर लिनक्समधून विंडोजच्या ड्राईव्हवर काही लिहिताच येत नाही. मग लिनक्स भरलेला पेनड्राईव्ह लावून बूट मेनू, म्हणजे मशीन कशावरून सुरू करायचं ते विचारणारी यादी, उघडायची, लेनोवो आणि डेलला बहुतेक एफ १२, एचपीला एफ ९, आसूसला एस्केप. सिस्टीम लगेच टाकायची नाही. आधी पेनड्राईव्हवरूनच चालवून वायफाय, आवाज, टचपॅड, ब्राइटनेस चालतं का ते त्या माणसाला स्वतःच्या हाताने बघू द्यायचं. वायफाय दिसत नसेल तर चिप बहुतेक वेळा ब्रॉडकॉमची निघते, तेव्हा फोन यूएसबीने जोडून टेदरिंग, म्हणजे फोनचं नेट लॅपटॉपला देणं, चालू करायचं आणि ती चिप चालवणारा ड्रायव्हर उतरवायचा. डेबियनमध्ये हा त्रास बराच कमी झालाय, जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून असल्या चिपना लागणारं बरंच फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच येतं. आणि पार्टिशन, म्हणजे डिस्कचे भाग, करताना लाईन गेली तर मशीन बंद पडू नये म्हणून बॅटरी चार्ज असल्याशिवाय सुरुवातच करायची नाही, बॅटरी गेलेली असेल तर यूपीएसवर जोडायचं.

काय चालत नाही तेही पहिल्याच दिवशी सांगावं. सेवा केंद्र चालवणाऱ्याने बोटाचा ठसा घेणारं मशीन आणि डिजिटल सहीचं टोकन लिनक्सवर चालतं का ते आधी तपासावं, बऱ्याच जणांना त्यासाठी विंडोज ठेवावी लागते आणि त्यात कमीपणा काही नाही, डुअल बूट, म्हणजे एकाच मशीनवर दोन्ही सिस्टीम, त्यासाठीच असतं. एचपीचे बरेच प्रिंटर सहज चालतात, काही स्वस्त लेझर प्रिंटर मात्र जाम दमवतात. दुसरी अडचण कृतिदेव या जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टची. लग्नपत्रिका, अर्ज, निवेदनं सगळी त्या फॉन्टमध्ये टाईप केलेली, ती युनिकोडमध्ये कन्व्हर्टरने आणावी लागतात आणि नंतर जोडाक्षरं एकदा नजरेखालून घालावी लागतात. एकदा युनिकोडवर आलं की इनस्क्रिप्ट कीबोर्ड सिस्टीममध्येच असतो, रेड हॅटने मोकळे केलेले लोहित फॉन्ट आहेत, वर्डसारखं काम करणाऱ्या लिब्रेऑफिसमध्ये मराठी नीट टाईप होतं.

नेटची अडचण असते तिथे ग्रुपची सगळ्यात मोठी संपत्ती म्हणजे एक बाहेरची हार्ड डिस्क. त्यात मिंट, डेबियन, लुबुंटूच्या फाइली चेकसम तपासून (म्हणजे फाइल धड उतरली का ते बघून) ठेवलेल्या, एका मशीनवर उतरवलेल्या सॉफ्टवेअर टाकायच्या .डेब फाइली दुसऱ्याला देता येतात त्या, आणि किविक्स या सॉफ्टवेअरवर चालणारा ऑफलाइन मराठी विकिपीडिया. जिल्हा परिषदेच्या शाळेत दोन जुने कॉम्प्युटर असतील तर जीकॉम्प्री हे लहान मुलांच्या शिकण्याच्या खेळांचं आणि जिओजेब्रा हे गणिताचं सॉफ्टवेअर टाकून द्यायचं, गुरुजींना तास-दीड तास शिकवायचं, एवढ्यात काम होतं. केरळात सरकारी शाळांमधले कॉम्प्युटर कित्येक वर्षांपासून मुक्त सॉफ्टवेअरवर चालतात, म्हणजे मोठ्या प्रमाणावर हे जमतं. आपल्याकडे बहुतेकांची कॉम्प्युटरशी ओळख २००१ पासून सुरू असलेल्या एमएससीआयटीच्या क्लासात झाली आणि क्लासात समोर विंडोजच असायची, त्यामुळे दुसरं काही असतं हेच पुष्कळांना कोणी सांगितलेलं नसतं.

प्रश्न विचारताना मशीनचा मॉडेल नंबर, कोणती आवृत्ती, काय केलं आणि स्क्रीनवर नेमकं काय आलं याचा फोटो द्यावा, "चालत नाही" एवढ्यावर कोणी मदत करू शकत नाही. उलट बाजूने जुन्या लोकांनीही आधी वाचून ये म्हणून कोणाला हाकलू नये. जी माहिती वाचायला सांगता ती बहुतेक इंग्रजीत आहे आणि समोरचा पंधरा किलोमीटरवरून आलाय, एकदा अपमान झाला की तो परत येत नाही आणि गावात जाऊन लिनक्स अवघड असतं हेच सांगतो.

ग्रुप नसेलच तर दोन माणसं आणि ठरलेला दिवस पुरतो. सुरुवातीला सॉफ्टवेअर फ्रीडम डे, म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरचा दिवस, बरा पडतो, तो २००४ पासून जगभर होतो, सप्टेंबरात, पोळा-गणपतीच्या मागेपुढे, त्या दिवशी वाचनालयात लोकांच्या मशीनवर लिनक्स टाकून द्यायची जत्रा भरवता येते, तिला इन्स्टॉलफेस्ट म्हणतात. असे ग्रुप मोडतात ते बहुतेक वेळा जून-जुलैमध्ये, चालवणारा पोरगा नोकरीसाठी पुण्याला जातो आणि डिस्कसुद्धा त्याच्यासोबत जाते, म्हणून डिस्क वाचनालयात ठेवावी आणि कोणाच्या मशीनवर काय टाकलं त्याची वही तिच्यासोबतच असावी.