घरी उतरलेला कर्णा : पार्श्वभूमी

देवळावरून, शाळेवरून किंवा बंद पडलेल्या टॉकीजमधून उतरलेले जुने कर्णे दुरुस्त करून घरात गाणी ऐकायला लावणारे लोक मराठवाड्यात आता अधूनमधून भेटतात. गंज, पोचे, रंग यांवर त्यांचे सहज एकमत होते. खटका उडतो तो मागच्या युनिटवरून, म्हणजे विजेचा आवाज करणाऱ्या, चुंबक असलेल्या डब्यावरून: मूळचेच जपायचे की काढून नवे बसवायचे? या प्रश्नाला जेवढी तांत्रिक बाजू आहे, तेवढाच इतिहासही आहे.

कर्ण्याचे गणित १९१९ आणि १९२४ साली मांडले गेले. १९२६ मध्ये बोलपटांसाठी बनवलेल्या युनिटने त्याला आजचे रूप दिले. त्या काळच्या युनिटमध्ये चुंबकासाठी वेगळी कॉइल असे आणि तिला सतत करंट द्यावा लागे. अल्निकोचे, म्हणजे अॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट असलेल्या मिश्रधातूचे, कायमचे चुंबक आले आणि ही गरज संपली. आपल्याकडे कर्णा पसरला तो यामुळेच, कारण खेड्यांत वीज पोचलेली नव्हती.

कागदी कोनच्या साध्या स्पीकरला दिलेल्या विजेतला जेमतेम एक टक्का आवाजात उतरतो. चांगला कर्णा वीस-पंचवीस टक्के उतरवतो. त्यामुळे बारा व्होल्टच्या मोटारीच्या बॅटरीवर चालणारे लहानसे मशीन (अँप्लिफायर) आणि लिंबाच्या फांदीला बांधलेले दोन भोंगे एवढ्यावर अखंड हरिनाम सप्ताह पार पडत असे. कीर्तन शिवारात काम करणाऱ्याला ऐकू जाई. पैठणची नाथषष्ठी असो की माळेगावची यात्रा, हरवलेल्या पोराचे नाव पुकारायला हेच साधन होते. तार लांब ओढावी लागे, म्हणून कर्ण्याला १०० व्होल्टचा लाइन ट्रान्सफॉर्मर जोडलेला असे. घरच्या साध्या अँप्लिफायरला जोडताना तो आधी काढावा लागतो. बऱ्याच जणांचा कर्णा ‘बारीक वाजतो’ त्याचे कारण हा ट्रान्सफॉर्मरच असतो.

जे मिळत होते ते सगळे मिळत नव्हते, हेही खरे. तोंडाचा व्यास ४० सेंटिमीटर असलेला भोंगा साधारण २७० हर्ट्‌झच्या खाली काम सोडतो. पखवाजाच्या धुमेला कितीही मन लावून कणीक लावली, तरी तिचा घुमार भोंग्यातून येत नसे. यायची ती शाईची बाजू आणि टाळ. पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वरही याच्या खालीच असतो, पण वरच्या स्वरांशांवरून कान तो भरून काढतो. म्हणून बुवा काय म्हणतात ते शेवटच्या माणसालाही समजत असे. शब्द पोचवणे हे कर्ण्याचे काम होते आणि त्यासाठीच तो घडवला होता.

तंबूतल्या आणि पक्क्या टॉकीजमधल्या पडद्यामागचे कर्णे मोठे, वेगळ्या घडणीचे. त्यांच्या सोबतीला खालच्या स्वरांसाठी कोनचे स्पीकर असत. पण त्यांनाही मर्यादा होती. फिल्मच्या पट्टीवरच्या मोनो (एकेरी) आवाजासाठी कोणते स्वर किती उतरवायचे याचे जे वळण १९३८ साली ठरले, त्यानुसार ८,००० हर्ट्‌झच्या वर फारसे काही उरतच नसे. आज अशा कर्ण्यावर ट्वीटर चढवून जुनी गाणी ऐकणाऱ्याला गाण्याऐवजी खरखरच अधिक ऐकू येते.

आता युनिटकडे. १९७० च्या दशकापर्यंतची चांगली युनिटे अल्निकोची. १९७८ मध्ये आफ्रिकेतल्या युद्धामुळे कोबाल्टचे भाव भडकले आणि जगभरचे कारखाने आधीच स्वस्त असलेल्या फेराइटकडे, म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडपासून केलेल्या चुंबकाकडे, झपाट्याने वळले. फेराइटचे चुंबक आकाराने मोठे, पण दणकट. ते सहजासहजी आपले बळ सोडत नाही. अल्निकोचे तसे नाही. त्याला चुंबकत्व देतात ते लोखंडी प्लेटा बसवून झाल्यावर. त्या प्लेटा खोलल्या, चुंबक बाहेर काढला, की त्याचे बळ तिथल्या तिथे घटते आणि परत तसेच जोडल्याने ते भरून येत नाही. गॅपमधला, म्हणजे कॉइल हलते त्या चुंबकाच्या फटीतला, गंज काढण्याच्या सद्हेतूने असे कितीतरी युनिट आजवर अधू झाले असतील. डायफ्राम, म्हणजे कॉइल चिकटवलेला आणि हलून आवाज करणारा पातळ पडदा, वरच्या झाकणाखाली असतो, तो बदलायला चुंबकाला हात लावावा लागत नाही. गॅप साफ करायला चिकटपट्टीची घडी पुरते.

नवे बसवा म्हणणाऱ्यांचा मुद्दा पोकळ नाही. त्यांच्या मते कर्णा म्हणजे पत्र्याचा आकार. युनिट झिजणारा भाग, आटे जुळले की झाले. मूळचा डायफ्राम कापडावर बेकेलाइट चढवलेला असतो, तो वयाने कडक होऊन तडकतो. अस्सल बदली मिळणे कठीण, आणि बाजारात मिळणारा नकली डायफ्राम कॉइलच्या मापात जरा जरी चुकला तरी गॅपला घासतो. नवे युनिट जास्त वॅट सोसते, वरचे स्वरही जास्त काढते.

तरीही माझे माप मूळच्या बाजूने झुकते. जास्त वॅट सोसणे ही मैदानाची गरज आहे. घरात कर्णा एका वॅटला एक मीटरवर १०५ डेसिबलच्या घरात वाजतो. तीन मीटरवर बसून मोकळेपणाने ऐकायला एक दशांश वॅट पुष्कळ होतो. तिथे शंभर वॅटचे युनिट काय उपयोगाचे? शिवाय कर्ण्याच्या घशाचे (युनिट जोडतात त्या अरुंद टोकाचे) माप आणि युनिटच्या तोंडाचे माप ही जोडी ठरवून केलेली असते. आटे जुळले म्हणून ती जोडी जुळत नाही, आणि न जुळलेली जागा ‘स’ आणि ‘श’ मध्ये लगेच कानाला टोचते. डायफ्राम फाटला असेल तर जरूर बदलावा, पण चुंबक शाबूत असताना युनिट भंगारात घालणे मला पटत नाही.

हे कर्णे लोकांच्या हाती लागले ते गेल्या तीस-पस्तीस वर्षांत. १९९० च्या दशकात टॉकीजमध्ये नवी ध्वनियंत्रणा आली आणि पडद्यामागचे मोनो कर्णे निघाले. पुढे रिळेच संपली, एकपडदा टॉकीज बंद पडत गेल्या, आणि उरलेला माल वजनावर विकला गेला. लग्नात, जत्रेत डॉल्बी आला तसा मंडपवाल्यांनी भोंगा माळ्यावर टाकला. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा बंदी घातली, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आखली. सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या निकालाने तिला बळ दिले. २०२२ मध्ये प्रार्थनास्थळांवरच्या भोंग्यांवरून राज्यात वाद पेटला आणि अनेक ठिकाणचे कर्णे खाली आले. त्या गदारोळात भोंगा म्हणजे केवळ कर्कशपणा अशी समजूत पक्की झाली. हा त्या यंत्रावर अन्याय आहे. कर्कशपणा बहुतेक वेळा मशीन ताणल्याने येई, आणि खालचे स्वर न कापता तसेच युनिटवर सोडल्याने.

खालचे स्वर कापणे घरी सोपे आहे. १६ ओहमच्या युनिटला मालिकेत २० मायक्रोफॅरडचा, ध्रुव नसलेला कपॅसिटर लावला की सुमारे ५०० हर्ट्‌झच्या खालचा आवाज उतरत जातो आणि डायफ्रामही वाचतो. त्याखालचे काम पेटीतल्या कोनच्या स्पीकरने करायचे. पत्रा झणझणत असेल तर काठाला रबरी पट्टी चढवतात. अँप्लिफायर मोठा नको, शांत हवा. कर्णा इतका जागा असतो की एरवी लक्षातही न येणारी मशीनची गुणगुण त्यातून खोलीभर ऐकू येते.