टर्बोवर आळ, दोष ब्रीदरचा

गेल्या पावसाळ्यात पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या चढावर माझ्या मेहुण्याच्या टर्बो पेट्रोल गाडीने निळा धूर सोडला. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा. गॅरेजात टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचा होज काढला, आत बोट फिरवलं, बोट काळ्या ऑइलने माखलं. निदान तिथेच झालं: टर्बो गेला. नवा टर्बो बसला, भलंमोठं बिल झालं आणि तीन आठवड्यांनी त्याच चढावर तोच निळा धूर. मग घरात नजर लागल्याची चर्चा सुरू झाली आणि बंपरला लिंबू-मिरची लटकली. दुसऱ्या गॅरेजातल्या मिस्त्रींनी मात्र आधी टर्बोला हातच लावला नाही. इंजिन चालू ठेवून त्यांनी ऑइलचं झाकण काढलं आणि तोंडावर कागदाचा तुकडा ठेवला. कागद उडाला. "बॅक कॉम्प्रेशन मारतंय," ते म्हणाले. पण कॉम्प्रेशन मोजलं तर तिन्ही सिलिंडर ठणठणीत. रिंगा चांगल्या, तरी चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या पेटीत, दाब. म्हणजे खाली येणारा वायू नेहमीइतकाच होता, त्याची बाहेर पडायची वाट तुंबली होती.

ही वाट म्हणजे ब्रीदर. गाडीतल्या इतक्या महत्त्वाच्या आणि इतक्या दुर्लक्षित गोष्टी फार थोड्या असतील.

पिस्टनच्या रिंगा सिलिंडर पूर्ण बंद करत नाहीत. प्रत्येक रिंग एका जागी कापलेली असते, कारण तापून फुगायला तिला फट लागते. इंधन जळतं तेव्हा पिस्टनवरचा दाब बाहेरच्या हवेच्या कित्येक पट असतो, टर्बो इंजिनात तर आणखीच. त्यातला थोडा वायू फटींतून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे गॅरेजातल्या चेंबरमध्ये, उतरतो. पुस्तकात याला 'ब्लो-बाय' म्हणतात, गॅरेजात बॅक कॉम्प्रेशन. नव्या कोऱ्या इंजिनातही तो असतोच. त्याच्याबरोबर न जळलेलं पेट्रोल येतं, आम्लधर्मी वायू येतात आणि पाण्याची वाफ येते. १ लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ १ लिटर पाणी तयार होतं, हे ऐकून बहुतेकांना धक्का बसतो. बरंचसं सायलेन्सरमधून जातं, काही खाली उतरतं.

खाली आधीच वादळ असतं. ३००० आरपीएमला क्रँक (पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणारा दांडा) सेकंदाला ५० फेरे घेतो, बेअरिंगमधून ऑइल उडतं, पिस्टन थंड ठेवायला खालून ऑइलच्या पिचकाऱ्या मारलेल्या असतात. त्यामुळे बाहेर निघणारा वायू ऑइलचं धुकं घेऊनच निघतो.

पूर्वी हे सगळं एका नळीतून सरळ रस्त्यावर सोडत. लॉस एंजेलिसच्या धुरक्याने ते थांबवलं. कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक या संस्थेतल्या आरी हागेन-स्मिट यांनी १९५०च्या दशकात दाखवून दिलं, की मोटारींतून निघणारे हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं उन्हात एकमेकांशी अभिक्रिया करून धुरकं बनवतात. त्या हायड्रोकार्बनांचा सुमारे पाचवा हिस्सा एकट्या क्रँककेसमधून येत होता. कॅलिफोर्नियात १९६१च्या मॉडेलांपासून हा वायू परत इंजिनात नेऊन जाळायची सोय आली. तिचं नाव पीसीव्ही, म्हणजे पॉझिटिव्ह क्रँककेस व्हेंटिलेशन.

साध्या इंजिनात हे सोपं असतं. थ्रॉटल (हवेची वाट कमी-जास्त करणारी झडप) अर्धवट बंद असताना इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत, हवा विरळ होते आणि ती ओढ क्रँककेसमधला वायू खेचून घेते. मध्ये स्प्रिंगचा एक छोटा व्हॉल्व्ह प्रमाण सांभाळतो. टर्बो आला की हिशेब उलटतो. बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला दाब, चढला की मॅनिफोल्डमध्ये ओढ उरत नाही, उलट बाहेरच्या हवेपेक्षा जास्त दाब असतो. तो दाब क्रँककेसमध्ये घुसू नये म्हणून एकदिशा झडप ठेवतात आणि वायूला दुसरी वाट देतात: एअर फिल्टर आणि टर्बोचा कंप्रेसर (हवा दाबणारं चाक) यांच्या मधली. तिथे कंप्रेसर हवा खेचत असतो म्हणून थोडी ओढ मिळते, पण ती काही दशक मिलिबारांचीच. आयडलवर, म्हणजे उभ्या गाडीत नुसतं इंजिन चालू असताना, मॅनिफोल्डची ओढ शेकडो मिलिबार असते.

म्हणजे घाटात, पूर्ण बूस्टवर, ब्लो-बाय सर्वांत जास्त आणि त्याला खेचणारी ओढ सर्वांत दुबळी. टर्बो इंजिनाची सगळी अडचण या एका वाक्यात आहे, आणि तिची गाठ वायूतलं ऑइल वेगळं करणाऱ्या ऑइल सेपरेटरशी पडते. हा प्लास्टिकचा डबा मला इंजिनातल्या कुठल्याही भागापेक्षा जास्त आवडतो.

यात सहसा गाळणी नसते. वायूला आत झटकन वळण घ्यायला लावतात, बस. वायू वळतो, जड थेंब वळू शकत नाही, भिंतीवर आदळतो आणि ओघळून खाली जातो. एसटी वळणावर आली की उभा प्रवासी बाहेरच्या बाजूला कलतो, तोच जडत्वाचा नियम. पण थेंब किती मोठा, यावर सगळं ठरतं. वायू सेकंदाला १० मीटर वेगाने येऊन वळला, तर १० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थेंब सुमारे २ मिलिमीटर सरळ पुढे जाऊन थांबतो. १ मायक्रॉनचा थेंब? मिलिमीटरचा चाळिसावा भाग, केसाच्या जाडीच्या निम्माही नाही. व्यास दहापट कमी झाला की ही धाव जवळजवळ शंभरपट कमी होते, कारण थेंबाचं वस्तुमान व्यासाच्या घनात घटतं आणि हवेचा अडसर फक्त व्यासाच्या प्रमाणात. घनातून एक घात गेला, वर्ग उरला.

आणि अडचण बारीक थेंबांचीच असते. क्रँकने उडवलेले थेंब मोठे असतात, ते सहज सापडतात. पण गरम पिस्टनपाशी ऑइलची वाफ होते आणि थंड होताना तिचं धुकं बनतं. ते मायक्रॉनहूनही बारीक. मग वायूला भोवऱ्यासारखा फिरवतात. दीड सेंटिमीटर त्रिज्येत १० मीटरच्या वेगाने फिरणाऱ्या वायूला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ६८० पट त्वरण मिळतं. तरी १ मायक्रॉनचा थेंब भिंतीकडे सेकंदाला जेमतेम दीड सेंटिमीटर सरकतो. वेग वाढवला तर जास्त थेंब सापडतील, पण वेगासाठी दाब खर्च होतो, आणि खर्चायला आहेत तेच काही दशक मिलिबार. म्हणून थोडं धुकं निसटतंच. इंटरकूलरच्या होजमध्ये ऑइलचा पातळ थर दिसला म्हणून टर्बो बदलायचा नसतो.

मेहुण्याची गाडी रोज घर ते ऑफिस अडीच किलोमीटर धावते. इंजिन नीट तापतच नाही, पाण्याची वाफ उडून जात नाही, ती ऑइलमध्ये मिसळून दुधाळ चिखल होतो. झाकणाच्या आत तो साचलेला होता, आणि सेपरेटरही त्यानेच तुंबला होता.

मग निळा धूर टर्बोतून का? टर्बोच्या बेअरिंगला ऑइल पंपाच्या दाबाने येतं, पण परत जातं फक्त उताराने, एका जाड नळीतून चेंबरमध्ये. शाफ्टवर रबराचं सील नसतं, पिस्टन रिंगसारख्या कड्या असतात आणि त्या ऑइलने भरलेली खोली अडवू शकत नाहीत. चेंबरमध्ये दाब वाढला की परतीचं ऑइल अडतं, बेअरिंगची खोली भरते आणि ऑइल कड्यांवरून कंप्रेसरमध्ये आणि धुराने फिरणाऱ्या गरम टर्बाइनमध्ये जाऊन जळतं: तोच निळा धूर. नवा टर्बोही तेच करणार, आणि त्याने तेच केलं.

नेटवर यावर 'कॅच कॅन', म्हणजे ब्रीदरच्या नळीत ऑइल अडवणारा जादा डबा, लावायचा सल्ला मिळतो आणि त्याने पॉवर वाढते असंही सांगतात. चांगला कॅच कॅन काही धुकं नक्की अडवतो, पण वेळेवर रिकामा केला नाही तर तोच तुंबतो. पॉवरचा दावा मला पटत नाही. त्याची नळी उघड्यावर सोडणं तर साठ वर्षांपूर्वीची चूक पुन्हा करणं आहे. त्यापेक्षा एअर फिल्टर वेळेवर बदलावा: तो चोंदला की कंप्रेसरपुढची ओढ वाढते आणि जास्त ऑइल खेचलं जातं. आठवड्यातून एकदा गाडी अर्धा-पाऊण तास हायवेवर न्यावी. लिंबू-मिरचीने ऑइलचा एक थेंबही अडत नाही, आणि त्या भरवशावर गाडी तशीच चालवली असती तर इंजिनच गेलं असतं.

मिस्त्रींनी सेपरेटर बदलला, ब्रीदरचे पाइप आणि इंटरकूलर धुतले, ऑइल नवं भरलं. पुन्हा तोंडावर कागद ठेवला. या वेळी तो हलकासा आत ओढला गेला आणि चिकटून राहिला. काढलेला जुना टर्बो डिकीतच पडला होता. त्यांनी त्याचा शाफ्ट बोटाने फिरवला, मागे-पुढे ओढून पाहिला. नसावा तेवढा प्ले, म्हणजे ढिलेपणा, कुठेच नव्हता.