सीआरएम (छोट्या व्यवसायांमधलं ग्राहक संबंध व्यवस्थापन)

गिऱ्हाईक कोण, त्याच्याशी आधी काय बोलणं झालं, त्यानं काय घेतलं, पैसे किती राहिलेत आणि पुढचा फोन कुणी कधी करायचा, हे सगळं एका जागी नोंदवून त्याप्रमाणे वागायची पद्धत म्हणजे सीआरएम, आणि त्यासाठी जे सॉफ्टवेअर वापरतात त्यालाही सीआरएमच म्हणतात. सीआरएमचा खरा अर्थ कुठला, ह्यावरून अभ्यासकांमध्ये बरीच ओढाताण झालीये. एड्रियन पेन आणि पेनी फ्रो यांनी २००५ मध्ये उपलब्ध व्याख्या गोळा करून त्यांची एक पट्टी मांडली: एका टोकाला एखादं ठरावीक सॉफ्टवेअर बसवणं, मध्ये ग्राहकाशी संबंधित सगळ्या तंत्रज्ञानाची एकत्र मोट बांधणं, आणि दुसऱ्या टोकाला धंदा चालवायची एक अख्खी दृष्टी. ते स्वतः ह्या दुसऱ्या टोकाकडे झुकतात. मोठ्या कंपनीबद्दल ते पटतं, पण छोट्या धंद्यात मालकच विकतो, मालकच तक्रार ऐकतो, दृष्टी त्याच्या डोक्यात असतेच, कमी पडते ती नोंद. त्यामुळे ह्या लेखात पहिला, अरुंद अर्थच धरलाय.

छोटा व्यवसाय कशाला म्हणायचं हे देशागणिक बदलतं. युरोपीय संघाची २००३ ची व्याख्या ५० पेक्षा कमी माणसं आणि १ कोटी युरोपर्यंत उलाढाल किंवा ताळेबंद अशी आहे. सीआरएमच्या दृष्टीनं मात्र खरी सीमारेषा माणसांच्या आकड्यावर नाही, एकाच गिऱ्हाइकाशी दोन जण बोलायला लागले की ती ओलांडली जाते.

उगम : इथे दोन मतं आहेत आणि ती नीट वेगळी केली जात नाहीत म्हणून जरा सविस्तर. नेहमीची गोष्ट अशी सांगतात की आधी डेटाबेस मार्केटिंग (गिऱ्हाइकांच्या यादीवरून जाहिरात) आलं, मग १९८० च्या दशकात सेल्स ऑटोमेशन (विक्रेत्यांचं काम संगणकावर) आलं, मग ओरॅकल ह्या सॉफ्टवेअर कंपनीतून बाहेर पडलेल्या टॉम सीबेलनी पॅट्रिशिया हाऊस यांच्याबरोबर १९९३ मध्ये विक्रीचं सॉफ्टवेअर बनवणारी सीबेल सिस्टीम्स काढली, १९९० च्या दशकाच्या मध्याला सीआरएम हे नाव रुळलं (त्याचं श्रेय कुठे सीबेलला, कुठे गार्टनर ह्या संशोधन कंपनीला, कुठे आयबीएमला दिलेलं दिसतं), आणि हे सगळं हळूहळू स्वस्त होत होत छोट्या धंद्यांपर्यंत खाली झिरपलं. ह्या मांडणीला विचारांची बाजूही जोडतात: लेनर्ड बेरी यांनी १९८३ मध्ये रिलेशनशिप मार्केटिंगची कल्पना मांडली, नवं गिऱ्हाईक ओढण्याइतकंच जुनं टिकवणं महत्त्वाचं, वगैरे.

दुसरं मत असं की छोट्या धंद्यांचं सीआरएम वरून खाली आलेलंच नाही, त्याची वंशावळच वेगळी. टेबलावर फिरणारी कार्डांची चकती, म्हणजे रोलोडेक्स, १९५० च्या दशकातली, आरनॉल्ड न्यूस्टॅटर यांच्या कंपनीची. एक कार्ड एक माणूस, पाठीमागे पेन्सिलीनं टिपणं. पॅट सलिव्हन आणि माइक मुनी यांनी १९८७ मध्ये बाजारात आणलेलं ॲक्ट हे सॉफ्टवेअर हीच कल्पना पीसीवर आणतं, फक्त कार्डाला तारीख चिकटवतं: ह्या माणसाला ह्या दिवशी फोन कर. पाठोपाठ, १९९० च्या आसपास, जॉन फेरारा आणि इलॅन सस्सर यांचं गोल्डमाइन आलं, त्यात हेच काम नेटवर्कवर अनेकांना एकत्र करता यायचं. ही दोन्ही सॉफ्टवेअरं सीबेलच्या आधीची आहेत, हे पहिल्या मताचे लोक एका वाक्यात उरकतात किंवा 'पूर्वसुरी' म्हणून बाजूला सारतात.

दोन्हींत फरक काय, तर सीबेलच्या घराण्यात मध्यवर्ती गोष्ट असते सौदा, म्हणजे ऑपॉर्च्युनिटी, आणि बघणारा असतो सेल्स मॅनेजर, ज्याला महिन्याचा अंदाज वर पाठवायचाय. ॲक्टच्या घराण्यात मध्यवर्ती असतो माणूस, आणि बघणारा तोच जो फोन करणार आहे. आजही एखादं सीआरएम उघडल्यावर पहिला पडदा पाइपलाइनचा, म्हणजे चालू सौद्यांच्या रांगेचा, दिसतो की आज कुणाला फोन करायचेत त्याचा, ह्यावरून ते कुठल्या घराण्यातलं ते ओळखता येतं. छोट्या धंद्याच्या बाबतीत दुसरं मत जास्त सयुक्तिक वाटतं, कारण तिथे अंदाज पाठवायला 'वर' कुणी नसतंच.

पुढे दोन्ही धारा ब्राउझरमध्ये एकत्र आल्या. सेल्सफोर्स १९९९ ची (मार्क बेनिऑफ, पार्कर हॅरिस आणि आणखी दोघे), तिनं सॉफ्टवेअर विकत घेऊन बसवायचं ऐवजी दरमहा दर माणशी भाडं हा हिशोब रूढ केला. मायक्रोसॉफ्टचं सीआरएम २००३ चं. शुगरसीआरएम २००४ चं, मुक्तस्रोत, त्यातूनच व्हीटायगर फुटलं, आणि पुढे २०१३ मध्ये स्वीटसीआरएम, कारण शुगरनं फुकटची आवृत्ती गुंडाळायला घेतली होती. झोहोचं सीआरएम २००५ चं, पाइपड्राइव्ह २०१० चं, एस्टोनियातलं. हबस्पॉटनं २०१४ मध्ये सीआरएम फुकट देऊन टाकलं आणि पैसे भोवतालच्या मार्केटिंगच्या गोष्टींवर घ्यायला सुरुवात केली, तेव्हापासून फुकटचा प्लॅन ही जवळपास रीतच झालीये. सीबेल मात्र ओरॅकलनंच ५.८ अब्ज डॉलरला घेतली, घोषणा २००५, व्यवहार पूर्ण २००६.

वापर : लीड, म्हणजे संभाव्य गिऱ्हाईक, येते, फॉलोअप होतो, कोटेशन जातं, डील क्लोज होते किंवा बुडते, मग सर्व्हिस. हे वाचकाला माहीत असतं. सांगण्यासारखं इतकंच की बहुतेक छोट्या धंद्यांत सीआरएम सुरू होतं ते एक्सेलच्या शीटमधून, आणि पहिला घोळ तिथेच होतो: एक्सेल फोन नंबराला आकडा समजतं, सुरुवातीचं शून्य खातं, अधिकचं चिन्ह उडवतं, १५ च्या पुढचे अंक शून्य करून टाकतं. देवनागरी नावं असलेल्या सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या मजकुराच्या) फाइलमध्ये युटीएफ-८ ह्या अक्षरसंकेताची खूण नसेल तर उघडताना अक्षरांचा चिवडा होतो. त्यामुळे इम्पोर्ट करायच्या आधी फोनचा कॉलम टेक्स्ट करून घेणं आणि नंबर देशाच्या कोडसकट, म्हणजे ई-१६४ ह्या आंतरराष्ट्रीय धाटणीत (जास्तीत जास्त १५ अंक) ठेवणं हे पहिलं काम, बाकी सगळं नंतर.

एकाच माणसाच्या दोन नोंदी : सीआरएम बिघडतं ते बहुतेक वेळा इथून. एकच गिऱ्हाईक एकदा पूर्ण नावानं, एकदा आद्याक्षरांनी, एकदा कंपनीच्या नावानं येतं, तीन जण तीन ठिकाणी टिपणं लिहितात, मग कुणालाच पूर्ण गोष्ट दिसत नाही, मग लोक सीआरएम बघायचंच सोडतात. ह्या प्रश्नाचं शास्त्र सीआरएमच्या कितीतरी आधीचं आहे आणि ते विक्रीतून नाही तर जन्ममृत्यूच्या नोंदी आणि जनगणनेतून आलंय. हॅल्बर्ट डन यांनी १९४६ मध्ये रेकॉर्ड लिंकेजची कल्पना मांडली, एका माणसाच्या आयुष्यभरच्या सरकारी नोंदी एकत्र बांधायच्या अशी. हॉवर्ड न्यूकोम आणि सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये ते संगणकावर करून दाखवलं, आणि आयव्हन फेलेगी व ॲलन संटर यांनी १९६९ मध्ये त्याला गणिती पाया दिला.

त्यांची युक्ती अशी: दोन नोंदी घ्यायच्या, एकेक रकाना जुळवायचा, आणि प्रत्येक जुळणीला वजन द्यायचं. वजन कसं ठरतं, तर खरंच एकच माणूस असताना हा रकाना जुळण्याची शक्यता भागिले दोन वेगळी माणसं असताना निव्वळ योगायोगानं जुळण्याची शक्यता, आणि त्याचा लॉगॅरिदम. म्हणजे सर्रास आढळणारं आडनाव जुळलं तर वजन थोडं, दुर्मिळ आडनाव जुळलं तर जास्त, ईमेल जुळला तर खूप, आणि रकाना जुळला नाही तर वजन वजा. सगळ्यांची बेरीज वरच्या रेषेच्या वर गेली तर एकच माणूस, खालच्या रेषेखाली तर वेगळे, आणि मधल्या पट्ट्यात आलं तर माणसानं डोळ्यांनी बघायचं. मोठ्या कंपनीला हा मधला पट्टा महागात पडतो. छोट्या धंद्याची खरी ताकद नेमकी तिथेच आहे, कारण बघणाऱ्याला ती माणसं ओळखीची असतात, पण सॉफ्टवेअर बनवणारे सगळा जोर आपोआप मर्ज करण्यावर, म्हणजे दोन नोंदींची एक करण्यावर, देतात, असो.

जोड्या किती होतात हेही बघण्यासारखं: २,००० नोंदी असतील तर १९,९९,००० जोड्या, म्हणून आधी त्याच गावातले किंवा त्याच आद्याक्षराचे असे गट पाडून फक्त गटातल्या गटात तुलना करतात, ह्याला ब्लॉकिंग म्हणतात. उच्चारावरून नावं जुळवायची साउंडेक्स ही रीत अजून जुनी, रॉबर्ट रसेल यांचं त्यावरचं पेटंट १९१८ चं. पण ती इंग्रजी आडनावांसाठी बनलेली, पहिलं अक्षर तसंच ठेवते आणि पुढचे स्वर गाळते, त्यामुळे रोमन लिपीत एकाच नावाची व्ही आणि डब्ल्यू अशी दोन स्पेलिंगं असली की पहिल्याच अक्षराला फसते. लिहिताना होणाऱ्या चुकांसाठी लेव्हनश्टाइन यांचं १९६५ चं अंतर (किती अक्षरं बदलली की एकाचं दुसरं होतं) किंवा जॅरो आणि विंकलर यांचं माप जास्त कामाचं.

सर्रास दिला जाणारा सल्ला म्हणजे फोन नंबरच ओळख धरा, नंबर एक तर माणूस एक. सोपं आहे, पण एकाच घरात एकच नंबर दोघं देतात, एका ऑफिसच्या नंबरावर दहा माणसं असतात, आणि बंद पडलेला नंबर कंपन्या काही काळानं दुसऱ्याला देतात. नंबराला मोठं वजन द्यावं, शेवटचा शब्द देऊ नये. आणि मर्ज केलेली नोंद परत फोडता येते का हे आधी विचारावं, बऱ्याच ठिकाणी येत नाही.

विश्लेषण : कॅटलॉग पाठवून माल विकणाऱ्यांकडून आलेली आरएफएम ही पद्धत (शेवटची खरेदी कधी, किती वेळा, किती पैशांची) बहुतेक सीआरएममध्ये असते. तिचं जनकत्व अनेकदा जॉर्ज कलिनन यांना देतात. तिन्ही गोष्टींना १ ते ५ गुण दिले की १२५ कप्पे होतात, आणि गिऱ्हाइकं ३०० असतील तर कप्प्यात सरासरी अडीचसुद्धा येत नाहीत, म्हणजे तक्ता छान दिसतो पण त्यातून काही ठरवता येत नाही. अशा ठिकाणी दोनच गोष्टी, शेवटची खरेदी आणि वारंवारता, आणि त्यांचेही तीन तीन भाग पुरेत.

गिऱ्हाईक गेलं की नुसतं थांबलंय, हे दुकानासारख्या धंद्यात कुणी सांगून जात नाही. ह्यावर श्मिटलाइन, मॉरिसन आणि कोलंबो यांचं १९८७ चं मॉडेल आहे, पण ते चालवायला जड. फेडर, हार्डी आणि ली यांनी २००५ मध्ये त्याला पर्याय म्हणून सोपं मॉडेल दिलं जे साध्या एक्सेलमध्ये बसतं आणि दर गिऱ्हाइकामागे तीनच आकडे मागतं: पुन्हा किती वेळा आला, शेवटी कधी आला, आणि आपण त्याला किती काळ ओळखतो. गंमत अशी की आठवड्याला येणारा दोन महिने आला नाही तर मॉडेल त्याला गेला म्हणतं, आणि वर्षातून दोनदा येणाऱ्याच्या दोन महिन्यांच्या गैरहजेरीकडे बघतही नाही. अनुभवी मालकही नेमकं असंच वागतो.

फायदा किती, ह्यावरचा सगळ्यात जास्त फिरवला जाणारा आकडा म्हणजे गिऱ्हाइकांची ५ टक्के गळती कमी केली की नफा २५ ते ८५ टक्के वाढतो. तो राइकहेल्ड आणि सॅसर यांचा, १९९० चा, आणि क्रेडिट कार्ड, विमा, बँक ठेवी अशा काही ठरावीक क्षेत्रांवरून काढलेला. सॉफ्टवेअर विकणारे तो कुठल्याही धंद्याला चिकटवतात. राइनार्ट्झ आणि कुमार यांनी २००० आणि २००२ मध्ये प्रत्यक्ष व्यवहारांचा डेटा तपासून दाखवलं की जुनं गिऱ्हाईक म्हणजे फायद्याचं गिऱ्हाईक हे नातं बऱ्यापैकी ढिलं आहे, काही जुनी गिऱ्हाइकं सेवा जास्त आणि सूट जास्त मागतात. ह्या दोघांचं मत जास्त जपून मांडलेलं आहे. पण दोन्हीकडचा अभ्यास बऱ्यापैकी मोठ्या कंपन्यांचाच, चारपाच माणसांच्या धंद्याला त्यातला एकही आकडा थेट लावू नये.

मेसेजिंग : व्हॉट्सॲपचं बिझनेस ॲप जानेवारी २०१८ मध्ये आलं आणि पुष्कळ छोट्या धंद्यांचं तेच सीआरएम झालं: लेबलं, ठरलेली उत्तरं, कॅटलॉग. ॲप एका हातातलं असतं तोवर ठीक. सीआरएमला जोडायचं तर एपीआय, म्हणजे दोन सॉफ्टवेअरांना जोडणारा दुवा, लागतो, आणि तिथे नियम असा की गिऱ्हाइकाच्या शेवटच्या मेसेजपासून २४ तासांत मोकळं बोलता येतं, नंतर आधी मंजूर करून घेतलेला टेम्प्लेटच पाठवता येतो.

डेटा बाहेर काढणं : संपर्कांची देवाणघेवाण सोपी आहे, व्हीकार्ड ही धाटणी १९९५ पासून आहे, तिची चौथी आवृत्ती २०११ ची. अडतं ते इतिहासाला. एक्सपोर्टमध्ये नावं, नंबर, ईमेल येतात, पण कुठलं टिपण कुठल्या सौद्याला जोडलेलं होतं, कॉलचं रेकॉर्डिंग कुठे, जोडलेल्या फाइली कुठे, हे दुवे तुटतात. युरोपच्या जीडीपीआर ह्या वैयक्तिक डेटाच्या कायद्यामध्ये (लागू २५ मे २०१८) डेटा सोबत न्यायचा हक्क आहे पण तो व्यक्तीचा, धंद्याचा नाही. क्लाउड सेवा बदलताना अडवणूक होऊ नये ह्यासाठी तिथला वेगळा डेटा कायदा १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालाय. बाकी ठिकाणी करारात जे लिहिलंय तेच, त्यामुळे फुकटचा प्लॅन घेतानाच एक नमुना एक्सपोर्ट काढून त्यात टिपणं तारखेसकट आणि लिहिणाऱ्याच्या नावासकट येतात का ते बघितलं जातं.