सूर्यमालेतील ग्रहांमधील भिन्नता

सूर्याभोवती फिरणारे आठ ग्रह सुमारे ४६० कोटी वर्षांपूर्वी वायू आणि धुळीच्या एकाच चकतीतून जन्मले. तरीही त्यांतल्या कोणत्याही दोघांना एकसारखे म्हणता येत नाही. बुध, शुक्र, पृथ्वी व मंगळ हे खडक आणि धातूंचे लहान ग्रह. गुरू व शनी मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमचे. युरेनस व नेपच्यूनमध्ये पाणी, अमोनिया आणि मिथेन यांचा वाटा मोठा. ही वर्गवारी बरोबर आहे. मात्र ग्रहाचे सूर्यापासूनचे अंतर कळले की त्याचे सगळे गुणधर्म कळले, असा जो समज तिच्यातून रुजतो, तो तपासून पाहिल्यावर टिकत नाही.

अंतराचा प्रभाव सर्वांत स्पष्ट दिसतो तो ग्रहांच्या जन्मकाळी. सूर्याजवळच्या तापलेल्या भागात पाण्याची वाफच राहिली. घनरूप झाले ते फक्त खडक आणि धातू. हिमरेषेपलीकडे, म्हणजे आजच्या मंगळ आणि गुरू यांच्या कक्षांच्या दरम्यान असलेल्या सीमेबाहेर, बर्फही घनरूपात मिळाला. त्यामुळे तिथले गाभे पृथ्वीच्या कितीतरी पट वाढले आणि त्यांनी भोवतालचा वायू ओढून घेतला. गुरूचे वस्तुमान पृथ्वीच्या ३१८ पट आहे. उरलेले सातही ग्रह एकत्र केले तरी ते त्याच्या निम्मेही भरत नाहीत. एवढा प्रचंड गोळा दहा तासांपेक्षाही कमी वेळात स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करतो. या वेगामुळे तो विषुववृत्तावर फुगला असून तिथला व्यास ध्रुवांमधील व्यासापेक्षा ९,००० किमीहून अधिक आहे. आकाराने शनी फार मागे नाही, पण त्याचे वस्तुमान पृथ्वीच्या अवघे ९५ पट. पाण्यापेक्षा कमी सरासरी घनता असलेला तो एकमेव ग्रह आहे.

तापमानाकडे वळले की अंतराचा हिशेब लगेच चुकू लागतो. सूर्याच्या सर्वांत जवळ असलेल्या बुधावर दिवसा सुमारे ४३० अंश सेल्सिअस तापमान असते, तर रात्री ते उणे १८० अंशांपर्यंत उतरते, कारण उष्णता धरून ठेवायला तिथे वातावरणच नाही म्हटले तरी चालेल. त्याचा आस जवळजवळ सरळ असल्याने ध्रुवांजवळील खोल विवरांच्या तळाशी ऊन कधीच पोहोचत नाही. तिथे पाण्याचा बर्फ आहे, आणि मेसेंजर यानाच्या निरीक्षणांनी २०१२ मध्ये त्याला भक्कम दुजोरा मिळाला.

सर्वांत उष्ण ग्रह मात्र शुक्र आहे, आणि सूर्यमालेतली सर्वांत बोलकी तुलना त्याची व पृथ्वीचीच. शुक्राचा व्यास १२,१०४ किमी, पृथ्वीचा १२,७५६. वस्तुमानातही तो पृथ्वीच्या सुमारे ८२ टक्के. पण त्याच्या पृष्ठभागावर सुमारे ४६५ अंश तापमान आणि पृथ्वीच्या ९० पटींहून अधिक वायुदाब आहे. १९८२ मध्ये तिथे उतरलेले सोव्हिएत यान व्हेनेरा-१३ या वातावरणात १२७ मिनिटे काम करू शकले. शुक्रावरचे सल्फ्युरिक आम्लाचे ढग बहुतांश सूर्यप्रकाश परत फेकतात, इतका की शुक्र पृथ्वीपेक्षाही कमी सूर्यऊर्जा शोषतो! तो तापतो ते कार्बन डायऑक्साइडच्या जाड थरात अडकलेल्या उष्णतेमुळे. हा वायू पृथ्वीवर नव्हता असे नाही. पावसाच्या पाण्यात विरघळून, खडकांशी संयोग पावून तो समुद्रतळाशी चुनखडीच्या रूपात साठत गेला. पृथ्वीच्या खडकांत बंदिस्त झालेला कार्बन शुक्राच्या वातावरणातील कार्बनशी तुलना होण्याइतका आहे. शुक्रावर पाणी टिकले नाही आणि हे चक्र चालले नाही.

मंगळाची अडचण उलट आहे. वस्तुमान पृथ्वीच्या जेमतेम एक दशांश, त्यामुळे त्याचा अंतर्भाग लवकर निवला. ग्रहव्यापी चुंबकीय क्षेत्र नाहीसे झाले, वातावरणाचा बराचसा भाग अवकाशात निसटला आणि आता तिथला वायुदाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. एकेकाळी वाहत्या पाण्याने कोरलेली पात्रे तेवढी कोरडी उरली आहेत.

युरेनस आणि नेपच्यून ही दुसरी जोडी. दोघेही निळसर आणि आकाराने जवळपास सारखे. युरेनसचा आस मात्र ९८ अंशांनी कललेला आहे, म्हणजे तो कक्षेत जणू आडवा पडून फिरतो. ८४ वर्षांच्या परिभ्रमणकाळात त्याच्या प्रत्येक ध्रुवावर सुमारे ४२ वर्षे उजेड आणि तितकाच काळ अंधार असतो. नेपच्यूनला युरेनसच्या सुमारे ४० टक्केच सूर्यप्रकाश मिळतो, तरी दोघांच्या वरच्या वातावरणाचे तापमान जवळपास सारखे. याचे कारण नेपच्यूनच्या पोटात आहे: सूर्याकडून मिळते त्याच्या अडीचपटींहून अधिक ऊर्जा तो बाहेर टाकतो, तर युरेनसच्या अंतर्भागातून येणारी उष्णता अगदी थोडी आहे. नेपच्यूनवरचे वारे ताशी २,००० किमीपर्यंत पोहोचतात. गुरू आणि शनीभोवती अवकाशयाने वर्षानुवर्षे फिरली. युरेनस आणि नेपच्यूनजवळून मात्र आजवर एकच यान गेले आहे, व्हॉयेजर-२. १९८६ मध्ये ते युरेनसजवळून आणि १९८९ मध्ये नेपच्यूनजवळून गेले.