इंग्लंडमध्ये जुन्या रेसट्रॅकच्या आवाजाची तक्रार: अर्ज नेमका कुठे अडकतो

"ट्रॅक आधीपासून होता ना, मग घर घेतलंच कशाला?" हे ऐकून निम्मे लोक गप्पच बसतात. मिल्डनहॉलजवळच्या स्टेडियमची केस बघा. तिथे स्पीडवे (मोटरसायकलींच्या शर्यती) सत्तरच्या दशकापासून चालू, घर घेतलं २००६ मध्ये, तरी २०१४ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नंतर राहायला आलात म्हणून तुमचा दावा बाद होत नाही. आता २० वर्षं तितकाच त्रासदायक आवाज होत होता हे ट्रॅकवाल्यांनी सिद्ध केलं तर त्यांना तसा हक्क मिळू शकतो, पण सिद्ध त्यांनी करायचं, आणि त्या केसमध्ये ते त्यांना जमलं नाही.

पण कोर्ट ही खर्चिक भानगड, आधी कौन्सिल (तिथली स्थानिक पालिका). ज्याला त्रास होतोय तो तक्रार करू शकतो, भाडेकरूसुद्धा. कौन्सिलच्या एन्व्हायर्नमेंटल हेल्थ विभागाचा ऑनलाइन फॉर्म भरायचा, १९९० च्या एन्व्हायर्नमेंटल प्रोटेक्शन ॲक्टप्रमाणे चौकशी करणं त्यांना भाग आहे.

घोडं अडतं ते डायरीवर, म्हणजे आवाज कधी आणि कसा झाला याच्या नोंदींवर. लोक लिहितात "रविवारी दिवसभर भयंकर आवाज", आणि फाइल बंद. असं लिहा: सकाळी १०.१० ते ११.४०, मागची बेडरूम, खिडकी बंद, टायर किंचाळतायत, फोनवर बोलणं ऐकू येत नाही. त्याच दिवशी लिहा हो, महिन्याभराचं एका बैठकीत एकाच पेनाने लिहिलेलं लगेच कळतं. मोबाइलवरच्या डेसिबल ॲपचे स्क्रीनशॉट पन्नास जोडले तरी त्यावर निकाल लागत नाही, कारण या कायद्यात ठरावीक डेसिबलची मर्यादाच नाही, किती वेळा, किती वेळ आणि घरात काय होतं हे बघतात. रेसला येणाऱ्या गाड्यांचा रस्त्यावरचा आवाज यात धरत नाहीत, तो मिसळलात तर खरी तक्रार पातळ होते. आणि रात्री ११ ते सकाळी ७ मध्येच तक्रार चालते हा निव्वळ गैरसमज, दुपारचा आवाजही चालतो.

कुणाकडेच नसलेला कागद म्हणजे ट्रॅकच्या प्लॅनिंग परवानगीच्या (जागा कशी वापरायची याच्या परवानगीच्या) अटी. वर्षात रेसचे दिवस किती, वेळ काय, हे बऱ्याचदा त्यात किंवा सोबतच्या करारात असतं. जुना कागद वेबसाइटवर सापडत नाही, मग "उपलब्ध नाही" असं उत्तर येतं आणि माणूस हताश होतो. लेखी मागा, पर्यावरणविषयक माहितीच्या नियमांखाली, साधारण २० कामाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अट मोडलेली दिसली तर ती तक्रार कौन्सिलच्या प्लॅनिंग एन्फोर्समेंटकडे (अटी पाळल्या जातात का ते बघणारा विभाग), वेगळं टेबल, एका टेबलावरून दुसऱ्यावर आपोआप काही जात नाही. तीच अट १० वर्षं सलग मोडली जात असेल तर मात्र सहसा कारवाईची मुदत संपलेली असते, तेव्हा शेजाऱ्यांची वाट बघत बसू नका.

"ट्रॅक बंद करा" असं लिहू नका प्लीज. कौन्सिलची आवाज थांबवायची नोटीस निघाली तरी ट्रॅकवाले २१ दिवसांत अपील करतात आणि आवाज कमी करायला व्यवहारात शक्य ते सगळं केलंय म्हणतात. सायलेन्सर तपासणी, शांत रविवार, गोंगाटाचे दिवस ठरवून देणं असं मागा. क्रॉफ्ट या रेसट्रॅकच्या केसमध्ये २००९ ला अपील कोर्टाने ट्रॅक बंद नाही केला, जास्त आवाजाचे दिवस वर्षाला ४० वर आणले.

कौन्सिल हललीच नाही तर त्याच १९९० च्या कायद्याच्या कलम ८२ खाली तुम्ही स्वतः मॅजिस्ट्रेट कोर्टात जाऊ शकता, त्याआधी ट्रॅकला किमान ३ दिवसांची लेखी नोटीस हवी. कौन्सिलच्या कारभाराबद्दल ओम्बड्समनकडेही (कौन्सिलविरुद्धच्या तक्रारी बघणारा स्वतंत्र अधिकारी) जाता येतं, फुकट, पण आधी कौन्सिलची स्वतःची तक्रार प्रक्रिया पूर्ण करावी लागते. इथली मुदत सगळ्यात जास्त जण चुकवतात: ओम्बड्समनकडे जायला १२ महिने असतात, आणि ते कौन्सिलच्या शेवटच्या पत्रापासून नाही, प्रॉब्लेम तुमच्या लक्षात आला तेव्हापासून मोजतात. कौन्सिल सहा महिने "बघतोय" म्हणत बसली तरी घड्याळ चालूच असतं, म्हणून पहिल्या ईमेलची तारीख डायरीच्या पहिल्याच पानावर टिपून ठेवा.