लायसन्स काढलं म्हणजे पोरगा सैन्यात गेला?

‘अमेरिकेत मुलाने ड्रायव्हिंग लायसन्स काढलं की तो सैन्यात भरती होतो’, असा फॉरवर्ड अनेक वर्षं फिरतो आहे. त्याला थोडा आधार आहे, म्हणूनच तो खरा वाटतो.

बऱ्याच राज्यांत लायसन्सच्या अर्जातूनच ‘सिलेक्टिव्ह सर्व्हिस’ची, म्हणजे गरज पडल्यास सैन्यात बोलावता येईल अशा पुरुषांच्या सरकारी यादीत, नोंदणी होते. काही ठिकाणी अर्जावरची सही हीच संमती धरतात. पण ही फक्त यादी. सक्तीची भरती १९७३ मध्येच थांबली. ती पुन्हा सुरू करायची तर तिथल्या संसदेला कायदा करावा लागेल. त्यानंतर जन्मतारखांची सोडत, मग वैद्यकीय तपासणी.

नोंदणी १८ ते २५ वयाच्या पुरुषांना लागू आहे, ग्रीन कार्डवाल्यांनाही. एफ-१ (विद्यार्थी) किंवा एच-४ (एच-१बीसारख्या कामाच्या व्हिसावाल्याच्या जोडीदाराचा वा मुलांचा) व्हिसा वैध असेपर्यंत सूट. त्याचा पुरावा म्हणून आय-२० (कॉलेजने दिलेला विद्यार्थी-व्हिसाचा कागद) आणि आय-९४ (देशात आल्याची नोंद) जपून ठेवा. गफलत होते ती पुढे: वयाची सव्वीस वर्षं पुरी होण्याआधी ग्रीन कार्ड मिळतं आणि ३० दिवसांत नोंदणी करायची राहून जाते. सव्विसाव्या वाढदिवसानंतर ती करताच येत नाही, आणि नागरिकत्वाच्या अर्जात त्याचा खुलासा द्यावा लागू शकतो.

नाव आहे का, हे नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर आडनाव, सोशल सिक्युरिटी नंबर आणि जन्मतारीख टाकून पाहता येतं.